जाड बोटांचा बेस

चार वाजवणारे-गाणारे पंधरा वर्षं एकत्र राहिले की गाणी विसरली जातात, किस्से मात्र साचत जातात. शहापुरात आमचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, पूजा, गणपती, सगळीकडे आम्ही. आजही कुणाच्या ओट्यावर भेटलो की तेच उगाळत बसतो. त्यातले माझ्या वाट्याचे, म्हणजे बेसचे, तेवढे सांगतो.

* * *

आमचे मास्तर सापगावच्या शाळेत गणित शिकवायचे आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कुठूनतरी एक जुनी बेस गिटार आणली. तारा दोरीएवढ्या जाड. प्रत्येकाने हात लावून पाहिला आणि खाली ठेवली.

मास्तरांनी माझा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला. "वसंता, तुझी बोटं जाड आहेत. हे तुझं."

झाली निवड! शिकवणारा कोणी नव्हता. कॅसेट लावायची, मागे-पुढे करायची, ऐकू येईल तेवढं उतरवायचं. दोन वर्षं असंच निभावलं.

मग मास्तरांनी स्वतः आठ गाणी लिहिली. आवणीचं म्हणजे भातलावणीचं, हळदीचं, माळशेज घाटाचं. कॅसेट काढायची ठरली. मी विचारलं, "मास्तर, यांचा बेस ऐकायचा कुठं?"

"कुठंच नाय. तो अजून कुणी वाजवलाच नाय. तू बनव."

* * *

मला वाटलं, सोपं आहे. सुमन जे गाईल तेच सूर खालच्या पट्टीत वाजवायचे. सुमन टोकावड्याची, आमची गायिका. गळा मोकळा आणि तोंडही मोकळं. तिने दोन कडवी सहन केली आणि थांबली.

"दादा, मी जिथं जाते तिथं तू मागं मागं येतोस. रस्त्यानं असा कुणी आला असता तर मी चप्पल काढली असती."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाऊन ती चाल पुसून टाकली. दुसरी सुचेना. आठवडाभर नुसता तारांकडे बघत बसायचो.

* * *

शेवटी ढोलकीवाल्या पांडूला गाठलं. पांडू माझ्या वर्गातला. आवणीचे दिवस, त्याला बसायला वेळ कुठला? गुडघाभर चिखलात रोपं लावता लावताच तो म्हणाला, "वश्या, माझ्या डाव्या हाताचा बोल ऐक. तो पडंल तिथं तू पड. उजव्याकडं बघूच नको."

मग तो तोंडाने ढोलकी वाजवत पुढे, मी "दूम, दूम" करत मागे. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत तीन गाणी झाली. त्याची बायको रोपांची जुडी घेऊन उभी होती. म्हणाली, "तोंड चालतंय तसा हातबी चालवा. भावजी, तुमीबी."

त्या दिवशी मी आख्खं वावर लावलं आणि पहिला बेस घेऊन घरी आलो.

* * *

जमायला लागल्यावर अंगात आलं. मोकळी जागा दिसली की भर सूर, दिसली की भर. टोकावड्याच्या एका पूजेत मी असा काही सुटलो की सुमनचा शब्दच ऐकू येईना. गाणं संपल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. त्याने माझ्या स्पीकरच्या खोक्याकडे बोट केलं.

"पोरा, तुझ्या पेटाऱ्याला दम लागत नाय का रे?"

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी गणित घातलं. एका ओळीत तीनच सूर, चौथा वाजला की प्रॅक्टिस बंद. मी चिडलो. पण पंधरा दिवस तीनच सूर वाजवले. कधी आधी, कधी उशिरा, कधी एक लांब धरून. हळूहळू कळलं, मी गप्प बसतो तिथे सुमनचा शब्द उभा राहतो. आवणीच्या गाण्याचा बेस असा झाला. फक्त तीन सूर. कुठून उचलला नव्हता.

* * *

रेकॉर्डिंगला कल्याणला गेलो. तिथल्या अरेंजरने माझ्या गिटारीकडे पाहिलं. "बेस आपण माझ्या कीबोर्डवर टाकू. टाइम वाचेल."

माझी मान तापली. "साहेब, एकदा ऐका. नाय आवडलं तर वायर मीच काढतो."

सुमन गायला लागली, पांडूचा डावा पडला, मी पडलो. अरेंजर खाली मान घालून ऐकत होता. कडवं संपल्यावर त्याने मान वर केली आणि मदतनिसाला सांगितलं,

"कीबोर्डची वायर काढ."

* * *

कॅसेट घरी आली. आईने आमच्या छोट्या टेपला कान लावला. "सुमन हाय. पांडूची ढोलकी हाय. तू कुठं हायस?"

छोट्या स्पीकरात बेस येत नाही, हे तिला कसं सांगणार? ती रोज लावायची, रोज म्हणायची, "नाय रे, तू नाय यात."

पुढे मुरबाडला मामेबहिणीची हळद होती. दुपारी मांडवात मोठे बॉक्स लावले आणि त्यावर आमचं आवणीचं गाणं लागलं. आई बॉक्सला खेटून उभी राहिली. गाणं संपलं की पुन्हा लावायला सांगायची.

चौथ्यांदा लागलं आणि लाइट गेली.

बायका टाळ्या वाजवत तशाच गात राहिल्या. पण ताल सुटला. कुणी पुढे, कुणी मागे, गाणं विस्कटत चाललं. मी आणि पांडू पंगतीत बसलो होतो.

तेवढ्यात आईने, हळदीने भरलेले हात तसेच धरून, जाड आवाजात सुरू केलं. "दूम... दूम दूम."

एकेक बाई तिच्याकडे वळली आणि गाणं पुन्हा एका पावलात चालायला लागलं.

पांडूने माझं ताट पुढे सरकवलं.

"वश्या, जेव. भात गार व्हतोय."