भावसार मास्तर युरोपला जाऊन येतात

शाळेच्या टीचर्स रूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. सांगायचं कुणी ठरवत नाही, पण चहा आला की एकेक निघतो. धुळ्याच्या आमच्या हायस्कुलात निम्मे किस्से भूगोलाच्या भावसार मास्तरांचे. मास्तर चौथ्या गल्लीत एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं, भाऊबंद कुणी उरले नव्हते. आम्ही त्यांना हसत असू, आणि हसणाऱ्यांत मी पहिला असे.

*

रंगपंचमी झाली त्या आठवड्यात चहाची बशी खाली ठेवत मास्तर म्हणाले, "या सुट्टीत युरोपला जाऊन येतो म्हणतो." शिरपूरला जाऊन येतो म्हणावं, तसं! पासपोर्ट नाही, सामान नाही, सुट्टीला महिना उरलेला.

गणिताच्या बोरसे नानांनी लगेच गणित मांडलं. सुट्टी दीड महिना. बोट जायला तेरा दिवस, यायला तेरा. "भाऊ, तुम्ही युरोप नाही, बोटच पाहून येणार."

"चालेल," मास्तर म्हणाले. "बोटीवर जेवताना समोर कुणीतरी बसलेलं असतं."

नानांनी मांडलेलं गणित पुसून टाकलं.

*

मग सल्ल्यांना ऊत आला. ड्रॉइंगचे सर मनमाडच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यांनी मास्तरांना काटा-सुरी शिकवायला घेतली. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. मास्तरांनी सुरी चालवली तशी अर्धी भाकरी उडून हजेरीपटावर पडली. तिकडे भाकरी नसते, असा सरांनी धीर दिला.

प्रवासाचा बेत मास्तरांनी वर्गातल्या नकाशावर दोरा लावून आखला. नकाशा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. निम्म्या सरहद्दी आता तिथे नाहीत, हे मी दाखवलं तर म्हणाले, "गावं तर तिथंच असतील ना?"

*

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आला. त्यानं शेजारच्या अक्कांना विचारलं, मास्तर माणूस कसा आहे? अक्का अठरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. म्हणाल्या, "भला मानूस शे. पन त्यासनं नाव काय शे?"

हे मास्तरांनीच येऊन सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, पण जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर नावाची पाटी लावली. अक्कांना वाचता येत नव्हतं.

*

बोटीच्या फॉर्मात एक रकाना होता: काही बरंवाईट झाल्यास कुणास कळवावे. मास्तर पेन उघडून बसले आणि आम्हाला विचारलं, इथं कुणाचं लिहू? आम्ही सगळे खिडकीबाहेर पाहू लागलो. 'माझं लिहा' एवढं म्हणायला मला काय झालं होतं, कोण जाणे. त्याची अजून लाज वाटते.

शेवटी हेडमास्तरांचं नाव पडलं. त्यांनी काही हरकत घेतली नाही. फक्त म्हणाले, "कळवायचं ते जूनच्या आत कळवा म्हणावं. मला टाइमटेबल लावायचं असतं."

*

आणि मास्तर खरोखरच जाऊन आले. जूनमध्ये शाळा उघडली तशी आम्ही त्यांना घेरलं. सगळ्यात काय आवडलं? पॅरिस? रोम? आल्प्स?

मास्तर म्हणाले, "घरी आलो, ते. कुलूप काढून दार ढकललं, तर आत पाच पत्रं येऊन पडलेली. युरोपहून."

तिकडे तुमच्या ओळखीचं कोण निघालं, नानांनी विचारलं. मास्तरांनी खिशातून पत्रं काढून टेबलावर मांडली. चित्रांची कार्डं होती. प्रत्येकावर चौथ्या गल्लीचा पत्ता आणि भावसार मास्तरांचं नाव. अक्षरही त्यांचंच, रोज फळ्यावर दिसायचं ते.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी चष्मा लावला आणि रोमचं कार्ड सावकाश वाचून दाखवलं.

"सा. न. वि. वि. येथील सर्व कुशल. तिकडील कुशल कळवावे. पुष्कळ दिवसांत तुमचे पत्र नाही."