स्कॉटलंडमध्ये वाजवलेला खिरापतीचा डबा

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. ध्वनीचा धडा दरवर्षी माझ्याच गळ्यात असतो. त्यामुळे भुताटकी, संकेत, टेलिपथी असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. आता स्वतःच सांगायला बसलेय, तर हसा खुशाल.

वर्ध्याला पिपरी मेघेत आम्ही दोघीच राहतो – मी आणि आई. आईला कित्येक वर्षं ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी कानाशी वाजली तरी ढिम्म. कानाचं मशीन आणलं, ते तिनं कपाटात ठेवून दिलं. तिला वाचताही येत नाही. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे माझं ओरडणं आणि तिचं अंदाजानं मान हलवणं.

मागच्या ऑक्टोबरात कथालेखनाच्या वर्कशॉपसाठी मला स्कॉटलंडला जायला मिळालं. आमच्या विदर्भात ते भुलाबाईचे, म्हणजे भोंडल्यासारख्या गाण्यांच्या खेळाचे दिवस. गाणी झाली की बंद डबा वाजवायचा आणि नुसत्या आवाजावरून आतली खिरापत ओळखायची. कुणी ओळखल्याशिवाय, नाहीतर "हरलो" म्हटल्याशिवाय डबा उघडत नाहीत. ऐकू येत होतं तोवर आई यात पटाईत, कधी हरली नाही. मी सोबत न्यायला वर्ध्याची नेहमीची गोरसपाक बिस्किटं सोडून मुद्दाम अवघड खाऊ घेतला – खारका. बाजारातून परस्पर आणल्या, डब्यात भरल्या, आईला दाखवल्याच नाहीत. निघताना सवयीनं तिच्यासमोर डबा वाजवला आणि म्हटलं, ओळख. तिचा चेहराच उतरला. मग माझ्या लक्षात आलं... पण बाहेर ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. काय भरलंय ते न सांगताच निघाले.

तिकडे – खरं सांगू? फार एकटं वाटलं. माणसं वाईट नव्हती हो. माझी वऱ्हाडी कथा मी इंग्रजीत करून वाचली, सगळे "लव्हली" म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. जेवताना मी मुंबईची का, एवढंच विचारायचे. आईशी फोनवर बोलणार कसं? शेजारच्या कांताकाकू व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या, आई नुसताच हात हलवायची. शेवटी मी इतकी रडकुंडीला आले की तिकीट बदलून परत जायचं ठरवलं.

कोजागिरीच्या दुपारी सगळे फिरायला गेले. मी खोलीत बॅग भरत होते, तर डबा हाती आला. रिकाम्या खोलीत तो वाजवला आणि वेड्यासारखी म्हणाले, "ओळख."

"गोरसपाक नाई. तो असा वाजत नाई."

आईचा आवाज! अगदी शेजारी बसून बोलावं तसा. मी पुन्हा डबा वाजवला.

"फुटाणे?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग खारका हायेत. इतक्या दूर खारका काऊन नेल्या वं?"

मी डबा उघडला आणि रडत रडत त्या खारका खाल्ल्या.

जरा सावरल्यावर कांताकाकूंना फोन लावला. त्या घाबरलेल्याच होत्या. घरी तेव्हा संध्याकाळ होती. तुझी आई अंगणात एकटीच बसून बोलून राह्यली होती म्हणाल्या – गोरसपाक, फुटाणे, खारका... त्यांनी हातानं विचारलं, काय झालं? तर आई उलट त्यांच्यावरच चिडली. पोरगी डबा वाजवून राह्यली, तुले आयकू नाई येत काय, म्हणे.

मी तिकीट बदललं नाही. उरलेले दिवस तिथंच राहिले, लिहिलंही. रोज दुपारी खोलीचं दार लावून आईशी मोठ्यानं बोलायचे. दिवसभराचं सगळं सांगायचे. तिचा आवाज मात्र परत आला नाही.

घरी आल्यावर तिचे कान तपासून घेतले. जसे होते तसेच, म्हणजे जवळपास बंद. माझ्या फिजिक्समध्ये याचं उत्तर नाही. दुसरं कुठलं असेल तर मला अजून सापडलेलं नाही. घरात तेच सुरू आहे, मी ओरडते आणि ती मान हलवते.

आता तिकडूनच पुन्हा बोलावणं आलंय. आईला परत एकटीला टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी नाहीच म्हणणार होते. हातवारे करून तिला तसं सांगितलं.

"जाजो," ती म्हणाली. "तिकून तू रोज बोलत होती, ते सारं मले आयकू ये. घरी काई आयकू नाई येत."