बुटक्याचा बोनस

पुण्यात इंजिनिअरिंग करून मी राळेगावला दोन गोष्टी आणल्या: एक डिग्री आणि जादूगार-राक्षसांच्या एका खेळाच्या नियमांचं झेरॉक्स पुस्तक. डिग्रीचा कोणालाच उपयोग झाला नाही, खेळ मात्र जमला. दर शुक्रवारी दुपारी, मेकॅनिक मित्राची नमाज झाली की, त्याच्या बंद गॅरेजात आम्ही तिघं बसायचो. मी गोष्ट रचायचो आणि निकाल द्यायचो, म्हणजे मी साक्षात देव. मेकॅनिक जादूगार व्हायचा. तिसरा मित्र कापूस पिकवायचा. सहा फूट उंचीचा हा गडी खेळात कुऱ्हाडवाला बुटका व्हायचा.

पुस्तकात लिहिलं होतं की बुटके जात्याच चिवट, म्हणून विषाशी गाठ पडली की त्यांच्या फाशाच्या आकड्यात दोनचा बोनस मिळवायचा. बस, एवढंच. प्यालेलं विष की हुंगलेलं, एकदाच की दर वेळी, काही पत्ता नाही. लिहिणाऱ्याला मधेच जेवायला बोलावलं असावं.

त्या शुक्रवारी बुटका गुहेतल्या हिरव्या धुरात सापडला. वाचायला पंधरा हवे होते. वीस बाजूंचा फासा तेरावर थांबला.

"तेरा अन् दोन पंधरा," बुटका ओरडला. "वाचलो!"

"किताबमंधी धुराचं नावच नाही," मेकॅनिक म्हणाला. "मेला तू."

आमचा बुटका शेतात कीटकनाशक फवारून तसाच आला होता. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. त्याचे डोळे लाल होते आणि शर्टाला दवाईचा वास मारत होता.

"मले विचार ना! आठ दिवसांपासून फवारून राह्यलो. बादलीत दवाई हातानं ढवळतो. तोंडाले फडकं नाही. काही झालं का मले? अंगवळणी पडते विष. मंग बुटक्याले काहून नाही पडन?"

मला हा मुद्दा फारच आवडला. खरं सांगायचं तर मला निकाल द्यायलाच आवडायचं, कारण गावात दुसरं कोणी माझं ऐकत नव्हतं. न्यायाधीशाचा चेहरा करून मी जाहीर केलं, "सवय असली की विष बाधत नाही. बोनस लागू." मेकॅनिकनं मला शिवी हासडली आणि बुटक्यानं सगळ्यांसाठी चहा सांगितला.

रविवारी कळलं, त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलंय. शेतातच उलट्या झाल्या, मग डोळ्यांना दिसेनासं झालं. मी धावत गेलो. वॉर्डाबाहेर त्याची बायको बसली होती.

"भाऊ, मी चष्मा आणला होता, मास्क आणला होता," ती म्हणाली. "तर म्हनते, कायले लागते? इंजिनिअरनं निकाल देल्ला, सवय असली की विष बाधत नाही. तुम्ही खरंच म्हनलं होतं का?"

'ते बुटक्याबद्दल होतं' असं सांगणार होतो, पण मी नुसतं "हो" म्हणालो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तीन दिवसांनी त्याला नीट दिसू लागलं. मला पाहताच बायकोची नाही, पिकाची नाही, चौकशी कोणाची?

"बुटका बरा आहे ना?"

"मेला," मी म्हणालो.

"काहून? तेरा अन् दोन..."

"धुराले बोनस नाही."

"तूच तर निकाल देल्ला!"

"चुकीचा देल्ला. मले काही समजत नाही."

तो सलाईनसकट उठायला लागला. त्यानं माझा, माझ्या डिग्रीचा आणि पुण्याचा उद्धार केला. बायकोनं त्याला दोन्ही हातांनी खाली दाबलं.

"मेला तं मेला," ती म्हणाली, "तुमी तं नाही मेले!" आणि तिला रडू फुटलं.

तिच्याकडे बघत तो परत उशीवर टेकला. मग माझा हात धरून म्हणाला, "फोन लाव माझ्या भावाले. लवकर लाव. माझ्या बदली तो फवारून राह्यला."