दांड्यावरची अक्षरं

ज्या वस्तूवर तिचं नाव लिहिलेलं नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये, असं मनापासून मानणारा पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस आहे आणि तो माझा व्याही आहे. माझी मुलगी त्यांच्या घरी द्यायचं ठरलं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की मुलगा शिकलेला आहे, घराणं शेती-मिठागरवाल्यांचं आहे, जमीन विमानतळात गेली आणि त्याबदली करंजाड्याला मिळालेल्या भूखंडावर त्यांनी दुमजली घर बांधलं आहे. त्या घराच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड आहे आणि तिच्यात होणारे व्याही स्वतःच्या हातांनी विमान बांधत आहेत, हे मात्र सुपारी फुटेपर्यंत कोणी बोललं नाही. मागून ठोकाठोकीचा आवाज येत होता म्हणून मी विचारलं, तर मुलाने मान खाली घालून सांगितलं, "बाबांचं जरा काम चालू असतं मागे." मला वाटलं, म्हशींचा गोठा बांधत असतील.

त्या घरात पाऊल टाकलं की आपल्याला वाचता येतं याची पुन्हापुन्हा खात्री पटते. जिन्यापाशी दोन बटणं आहेत. एकाखाली 'जिन्याचा दिवा' आणि दुसऱ्याखाली 'जिन्याचा नाही तो दिवा' असं लिहिलेलं आहे. डब्यांवर 'साखर' आणि 'मीठ' असणं मी समजू शकतो, पण मागच्या दारावर आतून 'ओढा' आणि बाहेरून 'ढकला' असं लिहिलेलं राहतं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. लग्नात त्यांनी वरपक्षाच्या सामानातल्या प्रत्येक नगावर चिठ्ठी लावली होती. नवरदेवाच्या बुटांवरसुद्धा 'उजवा' आणि 'डावा' होतं, आणि आमच्याकडच्या मुलींनी बूट पळवले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "कनचा नेला?" त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विहीणबाई, या सगळ्याला विटलेल्या. एकदा त्यांनी गॅसच्या नळीजवळची 'हे नेहमी बंद ठेवावे' ही चिठ्ठी अलगद सोडवली आणि व्याह्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर चिकटवली. व्याही त्याच सदऱ्याने गावकीच्या बैठकीला गेले, तिथे नेहमीप्रमाणे बराच वेळ बोलले, आणि परत आल्यावर म्हणाले, "आज लोका लय हसत व्हती. माजा भाषन चांगला झाला."

नोकरीच्या सगळ्या काळात ते द्रोणागिरीकडच्या एका कंटेनर यार्डात क्रेन चालवत होते. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं, खाली माणसं मुंग्यांसारखी बघायची आणि घराएवढे डबे उचलून इथून तिथे ठेवायचे. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरतात. यांनी परदेशातून विमानाचे सुटे भाग आणि नकाशे मागवले. दोन माणसांचं, छोटंसं, पंख डोक्याच्या वर असलेलं विमान. "क्रेनमध्ये बसून इतकी वर्षं वरच होतात की," मी एकदा म्हटलं. त्यांनी हातातला रिव्हेट खाली ठेवला आणि माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, क्रेन वर नेतं. पुढं नेत नाय."

मी शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि पनवेलमधल्या निम्म्या दुकानांना माझ्या हातच्या पाट्या होत्या, ही बातमी त्यांना लागली तेव्हापासून आमच्या सोयरिकीला खरा अर्थ आला. एका रविवारी जेवायला बोलावणं आलं. जिताड्यासारख्या महागड्या माशाचं कालवण होतं, म्हणजे काम मोठं असणार हे मी ओळखलं. हात धुऊन होतात न होतात तोच त्यांनी मला शेडमध्ये नेलं, विमानात बसवलं आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी असलेली कंट्रोल स्टिक दाखवली. त्यांच्या भाषेत तो 'दांडा'. दांड्याच्या मुठीवर, अंगठा आणि तर्जनी पोचतील तिथे, चिमुकली बटणं बसवलेली. एक रेडिओवर बोलायचं, एक पंखांच्या मागच्या झडपा उघडायचं, आणि एक दोन टोकांचं, विमानाचं नाक हवेत किंचित वर किंवा खाली धरून ठेवणारं. "तुमचा अक्षर चांगला हाय," ते म्हणाले. "यांवर नावा लिवा. मराठीत लिवा. घाबरलेला मानूस विंग्रजी वाचत नाय."

तांदळाच्या दाण्याएवढी जागा, तीही गोलसर. मी चष्मा सावरला आणि त्या दोन टोकांच्या बटणाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने 'वर' आणि खालच्या अंगाला 'खाली' असं आखलं. व्याह्यांनी माझा हात धरला. "उलटा लिवलात." मग त्यांनी समजावलं. दांडा पुढे ढकलला की विमानाचं नाक खाली जातं, मागे ओढला की वर येतं, आणि हे बटणही त्याच रीतीचं, वरचं टोक दाबलं की नाक खाली. मी वाद घातला, की वरच्या टोकाला 'खाली' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. ते म्हणाले, 'वर' लिहिलं तर वाचणारा मरेल. हा वाद चांगला रंगला. 'वर' म्हणजे बटणाचं वर, की विमानाचं वर, की आभाळाकडचं वर, यावर आम्ही दोन म्हातारे त्या अरुंद जागेत घाम पुसत बोलत राहिलो. शेवटी सुपारी घेऊन पंखाखालून वाकत आलेल्या विहीणबाई वैतागून म्हणाल्या, "मंग नुसता 'वर' कशाला लिवताव? 'नाक वर' लिवा. कोनाचा वर, समजंल तरी. आनि येक बटन यांच्या नाकालापन बसवा."

'नाक वर', 'नाक खाली', 'बोला', 'झडपा'. एनॅमल रंगाने, एकाच केसाच्या कुंचल्याने मी ती अक्षरं लिहिली. आयुष्यात यापेक्षा सुबक काम मी केलेलं नाही. पुढच्या रविवारी गेलो तर ती गायब. व्याह्यांनी मूठ दांड्यावरून काढून घरात आणली होती आणि आठवडाभर टीव्ही बघताना ते तिच्यावर अंगठा घासत बसले होते. कोरडा अंगठा, घामेजलेला अंगठा, खोबरेल लावलेला अंगठा. मी पुन्हा लिहिलं, वर लॅकरचा हात दिला. त्यांनी पुन्हा घासलं. छापील पट्ट्या आणल्या, त्या सुटल्या. नातेवाइकांच्या बारशाला, गणपतीच्या आरतीनंतर, मुलीच्या डोहाळेजेवणात, सगळीकडे हा माणूस खिशात हात घालून काहीतरी चोळत उभा असायचा आणि लोक भलतेच अर्थ काढायचे. "अंगठा झिजंल, पन यांचा समाधान नाय व्हनार," विहीणबाई म्हणायच्या. मला मात्र मनातून राग येऊ लागला होता. पाट्या रंगवणाऱ्याच्या अक्षराची अशी परीक्षा कोणी घेत नाही. एका दुपारी मी म्हणालो, "व्याहीबुवा, चालवणाऱ्याचा हात त्या मुठीवरच असणार. अक्षरं त्याच्या बोटांखाली झाकलेली असणार. त्याला सवयीने माहीत असणार कुठलं बटण कशाचं. मग हा खटाटोप कोणासाठी?"

मूठ खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"क्रेनच्या दांड्यावर पन अशीच बटना व्हती," ते म्हणाले. "पयल्या दिवशी नावा दिसत व्हती. मंग नाय दिसली. मना काय फरक पडला नाय, मना सगला पाठ. येक दिवस मी रजेवर. माज्या जागेवर दुसरा पोरगा बसला. त्यानं खाली बगितला, तं नुसती गुलगुलीत बटना. त्याला वाटला त्या त्यानं दाबला. डबा सुटला. खाली हुबा व्हता त्याचा पाय गेला. चवकशी झाली. पोराला काडला. मना कुनी काय इचारला नाय. मी तं रजेवर व्हतो." मग अंगठा वर करून त्यांनी तो माझ्यासमोर धरला, एखाद्या परक्या वस्तूकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत. "ती अक्षरा यानं खाल्ली, मास्तर. रोज थोडी थोडी."

त्यानंतर मी कुंचला हातात घेतला नाही. घरून माझी जुनी कोरणी आणली, लाकडी शिक्क्यांसाठी वापरायचो ती. मूठ शिकंज्यात धरून मी प्रत्येक अक्षर खोल कोरलं, खाचांत पांढरा रंग भरला आणि वरून साफ पुसून घेतलं. व्याही शेजारी बसून होते, श्वाससुद्धा जपून घेत होते. मग त्यांनी अंगठा घासला, अनेक आठवडे घासला. अक्षरं राहिली. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागायची.

विमान तयार झालं आणि तपासण्या, परवानग्या यांची लांबलचक वाट चालून झाली, तेव्हा डॉक्टरांनी व्याह्यांना विमान चालवायला मनाई केली. हृदयाचं जुनं दुखणं होतं. यावर ते आरडाओरडा करतील असं आम्हाला वाटलं होतं. ते काही दिवस फक्त शेडमधल्या हत्यारांवरच्या चिठ्ठ्या उगीचच बदलत बसले. शेवटी खारघरला राहणारे हवाई दलातले एक निवृत्त वैमानिक मिळाले. शांत, कमी बोलणारे गृहस्थ. पंख सोडवून विमान ट्रकवर चढवलं आणि घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडलं. पहिलं उड्डाण वैमानिकांनी एकट्याने केलं. उतरल्यावर व्याह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अक्षरांबद्दल. "खरं सांगू?" वैमानिक म्हणाले. "एकदाही बघितली नाहीत." माझा चेहरा पडला. व्याह्यांचा मात्र उजळला. "नायच बगायची," ते म्हणाले. "पन बगितली असती तं दिसली असती."

मग पुढे कधीतरी, सगळ्या चाचण्या आटोपल्यावर, व्याही स्वतः वैमानिकांच्या शेजारच्या सीटवर बसून वर गेले. विहीणबाई गाडीत, धावपट्टीकडे पाठ करून बसल्या होत्या. आवाज दूर गेला तशा म्हणाल्या, "दिसतंय काय?" मी म्हटलं, दिसतंय. "सरळ हाय?" सरळ आहे. थोड्या वेळाने त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, झालाच की ओ सगला. आता हे उद्यापासून काय करनार?" त्या विमानाला सवत म्हणून शिव्या घालणारी हीच बाई. विमान उतरलं. व्याही खाली आले आणि गाडीत येऊन बसले. घाट उतरून निम्म्या वाटेवर आल्यावर मी वर कसं वाटलं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्यांनी दांडा माज्या हातात दिला." काय केलंत? "काय नाय. धरला." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

विमान आता तिकडेच असतं. इकडे ठेवायला जागा नाही, उडवायला तर नाहीच. व्याही अधूनमधून जाऊन त्याला पुसून येतात. रविवारी दुपारी मी अजूनही करंजाड्याला जातो आणि आम्ही त्या शेडमध्येच बसतो. दोन स्टुलं, एक टेबल, कोपऱ्यात उरलेलं पत्र्याचं भंगार, आणि मध्ये भली मोठी मोकळी जागा. बोलायला फारसं काही नसतं. नातवाचे दात, पाण्याची टंचाई, कोणाची तरी बायपास. परवा विहीणबाई चहाचे कप घेऊन आल्या. शेडच्या दारातून सरळ आमच्याकडे यायला आता कशाचीही आडकाठी नाही. पण मध्यावर आल्यावर त्यांनी ट्रे सांभाळत मान खाली घातली, कंबरेत वाकल्या, आणि तिथे नसलेल्या पंखाखालून अलगद अलीकडे आल्या. व्याह्यांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. आम्ही कप उचलले.