दातांतलं यंत्र

दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या सोसायटीत, शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. बायकोचं वाक्य संपायच्या आत "अच्छा, ठीक है" म्हणून उठायची त्यांची सवय. पन्नाशीत त्यांनी दातांना तारा लावल्या आणि दात लवकर सरकावेत म्हणून एक थरथरणारं यंत्र आणलं. संध्याकाळी ते दातांत धरून बाल्कनीत बसत. त्याची घूं घूं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. त्यांना बोलता येत नसे, म्हणून वहिनी मेथीच्या जुडीपासून लेकीच्या सासरापर्यंत सगळं सांगत.

परवा लिफ्टमध्ये सुभेदार म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, त्या मशीनने दात काही लवकर सरकत नाहीत. बिल्कुल नाही."

त्याच संध्याकाळी बाल्कनीत वहिनी बोलत होत्या. यंत्र दातांत धरून ते ऐकत होते. घूं घूं मात्र नव्हती; यंत्र त्यांनी सुरूच केलं नव्हतं.