विकतचा धूर

मी लॅबमधून रिटायर झाले त्या उन्हाळ्यात मुलीनं आम्हा नवराबायकोला एक भेट दिली. ब्रिटिश कोलंबियाच्या पार उत्तरेच्या एका बेटावर, समुद्राकाठच्या केबिनमध्ये चार दिवस. ती स्वतःही सोबत येणार होती.

"आई, इट्स ग्लॅम्पिंग," ती म्हणाली.

म्हणजे काय, तर जंगलात राहायचं, पण ऐषआरामात. कोक्विटलामच्या आमच्या घरात हीटिंग आहे, दोन वॉशरूम आहेत, नळाला चोवीस तास गरम पाणी आहे. ऐषआरामासाठी इतक्या लांब कशाला जायचं, ते मला कळेना. पण नवऱ्याचा चेहरा असा खुलला होता की मी मुकाट्यानं बॅग भरली.

विमान, मग फेरीबोट, मग चिखलाचा रस्ता. केबिनचा मालक तिशीतला गोरा माणूस होता, टोरांटोतलं जाहिरातींचं काम सोडून आलेला. पायात गमबूट, अंगात भोकं पडलेला स्वेटर. भोकं जपून ठेवल्यासारखी. लेणी दाखवावीत तशा भक्तिभावानं त्यानं आम्हाला केबिन दाखवली. वीज नाही. नळ नाही, पाणी बाहेरच्या पिंपातून आणायचं. संडास झाडीत, पायवाटेच्या टोकाला. त्यात बादलीभर लाकडाचा भुसा आणि खिडकीत सुकलेल्या फुलांची बरणी. पलंगावर मात्र उशांचा ढीग आणि मेंढीचं कातडं.

"इथं माणूस आपल्या मुळाशी परत येतो," तो म्हणाला.

मी मुलीला मराठीत म्हटलं, "त्या मुळापासून पळता पळता माझं अर्धं आयुष्य गेलं." ती खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

संध्याकाळी पाऊस लागला आणि मालक लोखंडी शेगडी पेटवायला आला. लाकडं दमट होती. तो काड्या ओढत राहिला आणि केबिन धुरानं भरत गेली. नवरा खोकायला लागला तेव्हा माझ्यानं राहवेना.

वर्ध्याकडच्या आमच्या गावात आमची वस्ती गावाबाहेर होती. घरातली चूल पेटवणं माझ्याकडे होतं. पावसाळ्यात कापसाची ओली पऱ्हाटी पेट घ्यायची नाही, फुंकणीनं फुंकून फुंकून छाती भरून यायची. आई म्हणायची, "शिक बाई, नाहीतर जन्मभर फुंकत बसशील." मी शिकले.

मालकाला बाजूला सारून मी लाकडाची ओली साल सोलली, आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढल्या, त्या मोकळ्या रचल्या आणि खालून हळूच फुंकलं. जाळ लागला. मालकानं दोन्ही हात छातीशी नेले.

"उद्या संध्याकाळी बाकीच्या पाहुण्यांना दाखवाल का?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "तुमच्या संस्कृतीत चूल कशी पेटवतात ते. सगळे गोल बसू. तुम्ही आठवणी सांगा."

"ती आमची संस्कृती नव्हती," मी म्हटलं. "ती आमची गरिबी होती. तिचा मी कार्यक्रम करत नाही."

तो सॉरी म्हणाला, पण कशाबद्दल ते त्याला कळलं नव्हतं. तो गेल्यावर मुलगी माझ्यावर उखडली. "आई, ही वॉज जस्ट बीइंग नाइस! तू सगळ्यांना इतकं जज का करतेस?"

नवरा उशांच्या ढिगातून म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. हवा बघ किती छान आहे."

सकाळी छत्री घेऊन मी झाडीतल्या संडासाकडे गेले. आतून एक पाहुणी बाहेर आली आणि माझ्याकडे बघून प्रसन्नपणे म्हणाली, "सो लिबरेटिंग!" लहानपणी पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन आम्ही बायकापोरी जायचो, सापाला आणि माणसांनाही भीत. मी परत आले आणि बॅग भरली.

फेरीच्या धक्क्याजवळ एक साधं मोटेल होतं. मागोमाग नवराही आला, गाल फुगवून. मुलगी केबिनमध्येच राहिली. काउंटरवरची बाई त्या बेटाचीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिनं माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं.

"केबिनवाले ना?" ती हसली. "गरम पाणी भरपूर आहे."

प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवर कसलंसं चित्र, बटण दाबताच तापणारा हीटर. मी शॉवरखाली उभी राहिले ती नवऱ्यानं दार ठोठावेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. केसांना धुराचा वास, डोळे लालभडक. थेट बाथरूममध्ये गेली आणि अंघोळ करून माझ्यापुढे येऊन बसली. मी टॉवेलनं तिचे केस पुसायला लागले.

"आजी रोज तशा धुरात बसायची?" तिनं विचारलं. मराठीत.

"दोन्ही वेळेला," मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली, मी मागचे केस पुसायला घेतले.

नवरा मात्र अजून त्या केबिनचे फोटो दाखवत फिरतो. सरे शहरातल्या हॉलमध्ये आंबेडकर जयंतीच्या जेवणाला एका जोडप्यानं ते फोटो पाहिले आणि लगेच लिंक मागितली. दोघांचंही बालपण गळक्या पत्र्याखाली गेलेलं. मी त्यांना मोटेलचा नंबर लिहून दिला.

परवा ते जाऊन आले. केबिनमध्येच राहिले. फार शांत वाटलं म्हणे.