जिल्हा? इल्ला!

आमच्या सरकारी दवाखान्याच्या पाटीवर नुकतंच 'जिल्हा लातूर' रंगवलं होतं. शिक्के अजून जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचेच होते. त्या वर्षी दुष्काळ होता, त्यातच बसम्मा दवाखान्यात आली. बाई सीमेपलीकडच्या बिदरकडची, मराठी जेमतेम. दोन वर्षं आमच्याकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. पोटरीला कुत्रं चावलं आणि दुसऱ्या दिवशी ते कुत्रंच मेलं. पोटात चौदा सुया घेतल्या नाहीत तर आपलं काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खिडकीत व्यंकटराव कारकून. हा माणूस मला कधीच आवडला नाही. नाव, गाव लिहून तो खेकसला, "जिल्हा?"

कन्नडात 'इल्ला' म्हणजे नाही. तिला वाटलं, सुया नाहीत म्हणतोय. हात जोडून तीही विचारत राहिली, "इल्ला? इल्ला?"

रांग हसली. बाई आपली नक्कल करतेय असं वाटून व्यंकटरावानं कागद फाडला. पलीकडच्यांनी पलीकडंच मरावं, म्हणाला. आमच्याच लोकांना सुया पुरेनात, असं रांगेतूनही कुणीतरी बोललं.

मी तिथं मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. माझी आई बिदरजवळच्याच भालकीची, घरात कन्नड बोलायची, त्यामुळं मला सगळं कळत होतं. दोन शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण मला नोकरीत कायम करायची फाईल व्यंकटरावाच्या टेबलावर होती. मी खाली मान घालून कापूस कापत राहिलो.

ती सीमेपलीकडच्या दवाखान्यात गेली. राहतेस कुठं, त्यांनी विचारलं. महाराष्ट्रात म्हटल्यावर तिथूनही हाकललं. चौथ्या दिवशी, कामावरच्या बायकांकडून 'जिल्हा' म्हणजे काय ते विचारून, ती पुन्हा आमच्या खिडकीत उभी राहिली.

"जिल्हा?"

"लातूर."

"मागल्या खेपेला न्हवता, आज कुठून आणलास?"

बसम्मानं पाटीकडं बोट केलं. "तुमचा बी आत्ताच आलाय की."

या वेळी रांग त्याला हसली. हसणं ऐकून डॉक्टर बाहेर आले, तेव्हा कुठं त्यानं दातओठ खात कागद लिहिला.

चौदा दिवस तिच्या पोटाला स्पिरिट मीच लावलं. शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. दुखतंय का, असं कन्नडात विचारलं. पदर ओढून घेत ती मुद्दाम मराठीत बोलली.

"तुला येत होतं. मग त्या दिवशी मरू दे म्हनलास व्हय मला?"

इतकं ती व्यंकटरावालाही बोलली नव्हती.